दचक्याची धोक्यांची यादी

आमच्या कारखान्यात डब्यांची झाकणं व्हायची. डबे दुसरीकडे कुठेतरी व्हायचे. कुठे, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नाही. मी पॅकिंगला होते. शंभर झाकणं मोजायची, खाकी कागदात गुंडाळायची, खोक्यात बसवायची, की पुन्हा शंभर. पॅकिंगचं टेबल मध्यावर आणि जरा उंचावर असल्यामुळे सगळा कारखाना मला दिसायचा. पत्र्यातून झाकणं कापणाऱ्या सहा प्रेस एका रांगेत, पलीकडे पत्र्याच्या चळती, कोपऱ्यात स्टोअर आणि वर काचेच्या खोलीत मॅनेजरसाहेब. त्यामुळे दचक्याच्या बाबतीत जे घडलं ते मी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही, ते त्याच्या बायकोकडून ऐकलेलं आहे. ती गाडी शिकवायची, आणि मी तिच्याकडेच शिकले.

दचक्या तीन नंबरच्या प्रेसवर होता. चांगला सहा फूट उंच, खांदे दारात अडकतील असे, आणि काळीज चिमणीचं. हाक मारली की दचकायचा. शिंक आली की दचकायचा, आणि ती शिंक स्वतःची असली तरी दचकायचा. चहाचा कप त्याच्या हातात देणारा माणूस आधी दोन पावलं मागे सरायचा. गंमत अशी की सहा प्रेस धाड धाड आपटत असायच्या, बाहेरून आलेला माणूस कान झाकून घ्यायचा, त्यात हा मात्र शांत. तो आवाज त्याच्या सवयीचा होता. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाली आणि सगळीकडे शांतता झाली, की हा जागच्या जागी उडायचा.

"तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते हो?" मी एकदा विचारलं.

त्याने बोटांवर मोजून पाहिलं. "तसं एक सांगता नाही येणार," म्हणाला. "नंबर लागलेले आहेत."

त्या वर्षी नवा कायदा आला. तिसाहून जास्त माणसं कामाला असतील तिथे सुरक्षा समिती हवी, समितीत कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी हवा, आणि त्या प्रतिनिधीला धोका दिसला तर मशीन बंद करण्याचा हक्क. मशीन बंद केलं म्हणून त्याला कामावरून काढता येणार नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मॅनेजरसाहेबांनी ते परिपत्रक तीनदा वाचलं. तिसऱ्या वाचनाला ते खिडकीशी येऊन उभे राहिले आणि खाली एकेकाकडे निरखून बघू लागले. त्याच वेळी खाली कुणीतरी झाकण पाडलं आणि दचक्या पत्र्याच्या चळतीमागे गेला. साहेबांचा चेहरा एकदम उजळला.

"निवड तुम्हीच करायची आहे," त्यांनी दुपारी सगळ्यांना जमवून सांगितलं. "माझा काही आग्रह नाही. मी आपलं एक नाव सुचवतो."

आम्ही हात वर केले. आम्हाला वाटलं चहा मिळणार आहे. खुद्द दचक्यानेही हात वर केला होता, कारण सगळ्यांनी केला होता. आपण निवडून आलो हे कळल्यावर तो खाली बसला. खाली म्हणजे जमिनीवर.

आमच्यातले सगळ्यात जुने कामगार म्हणजे साडेआठकाका. अकरा वर्षांपूर्वी याच कारखान्यात, चार नंबरच्या प्रेसमध्ये त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट पूर्ण आणि एक अर्धं गेलं होतं. उरली ती साडेआठ. हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलं होतं, दुसऱ्या कुणाला तेवढा धीर झाला नसता. ते दचक्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "घाबरू नकोस. तुला काही करायचं नाहीये. समिती कागदावर असते."

पण कुणी काही काम दिलं की ते न करण्याचीही दचक्याला भीती वाटायची. परिपत्रकात लिहिलं होतं की प्रतिनिधीने कामाच्या जागेतल्या धोक्यांची यादी करावी. त्याने दुकानातून वही आणली आणि आठ दिवस तो यादी करत होता. जेवताना लिहायचा. चालता चालता थांबून लिहायचा. समितीच्या पहिल्या बैठकीत त्याने ती साहेबांपुढे ठेवली. एकशे चौदा धोके.

साहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"सात. खिडकीतलं कबूतर टक लावून बघतं. बावीस. कॅन्टीनचा पंखा आवाज करतो. आवाज थांबला तर जास्त भीती वाटते. एकतीस. चार नंबरच्या प्रेसला जाळी नाही. अडतीस. साहेब मागून येऊन एकदम 'काय!' म्हणतात." इथे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पंचेचाळीस. मागच्या दाराला कुलूप आणि पुढे खोकी. सेहेचाळीस. त्या खोक्यांमागे काहीतरी आहे. सत्तेचाळीस. काय आहे ते माहीत नाही."

सगळे हसले. साहेब तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. ठसक्याने दचक्या दचकला आणि त्याच्या हातातलं पाणी साहेबांच्या शर्टावर गेलं. बैठक संपली. वही साहेबांनी परत दिली आणि सांगितलं की उत्तम काम आहे, असंच चालू दे.

संध्याकाळी घरी तो वही मांडीवर घेऊन बसला होता. आता त्याच्या बायकोबद्दल सांगायला हवं. ती त्याच्या खांद्याला लागायची, आणि जगात तिला कशाचीही भीती वाटत नव्हती. आयुष्यात कधी स्टिअरिंग न धरलेल्या माणसाच्या शेजारी बसून, भर रहदारीत, ती केसांची पिन चावत "आता थोडं डावीकडे" म्हणायची. मी एकदा गाडी फुटपाथवर चढवली होती, तेव्हा तिने फक्त "इथे नाही लावायची" एवढंच म्हटलं होतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"हसले."

"कोण?"

"सगळे. कबुतरावर जास्त हसले."

तिने वही घेतली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. तीही दोन ठिकाणी हसली, पण ओठ मिटून. मग पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसली.

"अहो, मी शिकवायला बसते तेव्हा विद्यार्थी रडतात, ओरडतात, एकाने तर दार उघडून चालत्या गाडीतून उतरायचा प्रयत्न केला. दर वेळी ब्रेक दाबला तर मी कॉलनीच्या बाहेर कधी पडणारच नाही. माझ्या पायाखाली ब्रेक आहे तो कधी दाबायचा हे ठरवावं लागतं. आता मी विचारते, तुम्ही सांगा. कबुतराने कुणाचा हात जाईल?"

"नाही."

"जीव?"

"कबूतर किती मोठं आहे त्यावर..."

"अहो."

"नाही."

तिने काट मारली. पंखा गेला. छपरावरचा आवाज गेला. स्टोअरमधली पाल गेली, पालीची आई गेली. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस एकाच रेघेत गेले. अडतीसवर तिने पेन्सिल उचलली आणि त्याच क्षणी थांबली.

"साहेब मागून येऊन 'काय!' म्हणतात. कधी? तुम्ही प्रेसवर असताना?"

"हो. पत्रा आत सरकवताना."

"मग हा राहू दे," ती म्हणाली आणि त्यापुढे ठळक टिंब दिलं.

एकशे चौदाचे दहा उरले. तो जरा मोकळा झाला, पण वही मिटेना. पेन्सिलशी चाळा करत राहिला.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "ते लिहिलेलंच नाहीये."

ते असं होतं. प्रत्येक प्रेसला दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. म्हणजे प्रेस खाली येताना हात बटणांवर असणार, आत नसणार. हे काम करायला वेळ लागतो. साहेबांनी सहा महिन्यांपूर्वी फळ्यावरचा आकडा बदलला होता. तासाला सहाशे झाकणांचे नऊशे केले होते. दोन हातांनी नऊशे होतच नाहीत. म्हणून चार नंबरवाल्याने डाव्या बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची घडी दाबून बसवली होती, म्हणजे ते बटण कायमचं आत. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण. त्याचे साडेनऊशे व्हायचे. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि पुठ्ठ्याकडे नजर गेली की छताकडे बघायचे.

त्या चार नंबरवाल्याला सगळे सुपरफास्ट म्हणत. तो दचक्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता.

त्याला आधीच कुणकुण लागली होती. त्याच दिवशी दुपारी त्याने दचक्याला नळापाशी गाठून बजावलं होतं, "भाऊजी, माझं नाव त्या वहीत आलं तर ताईच्या घरी पाऊल टाकणार नाही. लग्नात तुमचा बूट लपवला होता तेव्हापासून तुम्ही माझ्यावर डूख धरून आहात."

"मी नाही धरला."

"मग लिहू नका."

हे सगळं दचक्याने बायकोला सांगितलं. ती ऐकत होती तोवर पिन चावत होती. सांगून झाल्यावर तिने पिन तोंडातून काढली.

"लिहा."

"तो यायचा बंद होईल."

"येईल. रविवारी भूक लागली की येईल. आणि नाही आला तरी दोन्ही हात शाबूत ठेवून रुसून बसू दे. ते हात मी धुतलेले आहेत, लहानपणी, चिखलाने भरलेले. लिहा म्हणते ना!"

त्याने लिहिलं. अकरा झाले. कागद नवा घेतला, चांगल्या अक्षरात उतरवला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुढचे तीन आठवडे तो कागद नुसता खिशात घेऊन हिंडला. साहेबांच्या खोलीच्या जिन्यापर्यंत जायचा, पाचवी पायरी वाजायची, त्याने दचकायचा आणि परत यायचा.

मग पत्र आलं की सरकारी तपासनीस बाई येणार आहेत.

साहेबांनी कारखाना धुऊन काढला. स्वतःसाठी पिवळं हेल्मेट आणलं. त्यावर किमतीचा स्टिकर तसाच होता. नोंदवही शोधली. कायद्याप्रमाणे बाहेर पडण्याच्या वाटेचे बाण हवे होते, म्हणून पेंटरला बोलावलं. तो पेंटर मला स्पष्ट आठवतो, फार गुणी माणूस. बाण इतके सुंदर काढले त्याने, हिरवेगार, टोकाशी थोडा बाक दिलेला. पण त्याला साहेबांनी सांगितलं, "मागच्या दाराकडे बाण नको, तिकडे खोकी आहेत, बाई तिकडे बघतील." मग म्हणाले, "पुढच्या दाराकडे नको, तिकडे ट्रक भरायला लागलेला असतो." पेंटरने विचारलं, मग कुठे? साहेब घाईत होते. म्हणाले, "छान दिसेल असं काढ." पेंटरने छान दिसेल असं काढलं. दारापाशी आला की वळवला, भिंत आली की वळवला, आणि शेवटी जिथून सुरुवात केली होती तिथे येऊन सही केली.

तपासनीस बाई सकाळी अकराला आल्या. मी कुणीतरी कडक, उंच टाचांची बाई येईल अशी वाट बघत होते. आल्या त्या निवृत्तीला टेकलेल्या, गुडघ्याला पट्टा, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या एका उपड्या खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "नोंदवही."

साहेबांनी अदबीने अपघातांची नोंदवही दिली. बाईंनी पानं उलटली. कोरी. आणखी उलटली. कोरीच. मुखपृष्ठावरचं वर्ष बघितलं.

"अकरा वर्षांत एकही अपघात नाही?"

"एकही नाही, मॅडम. आमच्या इथे सुरक्षा म्हणजे..."

पलीकडे साडेआठकाका झाडू घेऊन उभे होते. बाईंनी आपल्याकडे बघितलं असं वाटून त्यांनी आदराने हात वर केला. डावा. बाईंनी त्या हाताकडे बघितलं. मग वहीकडे. मग पुन्हा हाताकडे. मग पेनाचं टोपण काढलं.

"आगीचं ड्रिल बघू," त्या म्हणाल्या. "कारखाना रिकामा व्हायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं, मॅडम."

घंटा झाली. ऑर्डर अर्जंट होती म्हणून प्रेसवाल्यांनी काम चालू ठेवायचं आणि आग लागल्यासारखं फक्त पॅकिंग, स्टोअर आणि ऑफिसने वागायचं, असं साहेबांनी आदल्या दिवशीच ठरवून दिलं होतं. आम्ही अठ्ठावीस जण निघालो. मी सगळ्यात पुढे. साहेबांनी बजावलं होतं की इकडे तिकडे बघायचं नाही, बाणांप्रमाणे जायचं. मी बाणांप्रमाणे गेले. पत्र्याच्या चळतींवरून वळले, स्टोअरवरून वळले, प्रेसच्या मागून आले, आणि पुन्हा माझं स्वतःचंच टेबल दिसलं. माझा अर्धा चहा तिथे होता. मी थांबले असते, पण मागून सत्तावीस जण येत होते.

दुसऱ्या फेरीला आम्ही बाईंच्या समोरून गेलो.

"या बाई मघाशी गेल्या होत्या ना?" बाईंनी माझ्याकडे पेन दाखवत विचारलं.

"त्या... त्यांची बहीण," साहेब म्हणाले. "आमच्याकडे बऱ्याच बहिणी बहिणी कामाला आहेत."

तिसऱ्या फेरीला मी चहाचा एक घोट घेतला. चौथ्या फेरीला स्टोअरकीपर मला म्हणाला, "वैनी, मला पाचला निघायचंय." बाई मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. "सहा मिनिटं झाली. अजून बाहेर पडतायत का?"

"पडतायत, मॅडम. माणसं भरपूर आहेत."

बाई खोक्यावरून उठल्या आणि गुडघा सांभाळत प्रेसच्या रांगेकडे गेल्या. साहेब लगबगीने पुढे. समितीचा प्रतिनिधी म्हणून दचक्याला सकाळपासून त्यांच्या मागे उभं केलेलं होतं, तो त्यांच्या मागे. बाई चार नंबरपाशी थांबल्या.

"हिला जाळी का नाही?"

"गरजच नाही, मॅडम," साहेब म्हणाले. ड्रिलचा विषय बदलला म्हणून ते एकदम खुशीत आले होते. "दोन बटणं आहेत. दोन्ही एका वेळी दाबल्याशिवाय ही येतच नाही खाली. हे बघा." आणि त्यांनी बाही सरसावून आपला हात चक्क प्रेसच्या आत ठेवला.

सुपरफास्ट त्यांच्याकडे बघत नव्हता. आम्ही पाचवी फेरी मारत होतो आणि तो मान वळवून आमच्याकडे बघून खदखदून हसत होता. त्याचा उजवा हात सवयीने बटणाकडे निघालेला होता. डावं बटण पुठ्ठ्याने आत बसवलेलं होतं.

हे दचक्याने पाहिलं. मी त्याच वेळी समोरून येत होते, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसला. त्याला "साहेब" म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तीन पावलांवर खांबाला मुख्य स्विचचं लाल बटण होतं. सहा फुटांचा तो माणूस त्या तीन पावलांत उडी घेऊन गेला आणि दोन्ही हातांनी त्याने ते लाल बटण ठोकलं.

सहाही प्रेस थांबल्या. माल वाहणारा पट्टा थांबला. पंखे थांबले. सगळीकडे शांतता झाली, आणि त्या शांततेला दचक्या इतका दचकला की मागे उडून झाकणांच्या मांडणीवर आदळला. दोन हजार झाकणं खाली आली. ती सगळीकडे घरंगळत गेली, यंत्रांखाली, आमच्या पायांतून, साहेबांच्या खोलीच्या जिन्यापर्यंत. शेवटी एकच झाकण मध्यभागी गरगरत राहिलं. सगळे जण ते आडवं पडायची वाट बघत होते. बाईसुद्धा.

ते पडलं.

"कुणी बंद केलं?" साहेब ओरडले. "अर्जंट ऑर्डर आहे! कुणी केलं?"

"आधी हात बाहेर काढा," बाई म्हणाल्या.

साहेबांचा हात अजून आतच होता. त्यांनी तो काढला.

"मी," दचक्या म्हणाला. झाकणांच्या ढिगात बसूनच त्याने खिशातला कागद काढला. घडी उलगडली आणि वाचायला लागला. "एक. चार नंबरच्या प्रेसच्या डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी आहे. दोन. चार नंबरच्या प्रेसला जाळी नाही. तीन. मागच्या दाराला कुलूप आहे. चार. काम चालू असताना साहेब मागून येऊन 'काय!' म्हणतात..."

"काय!" साहेब म्हणाले.

दचक्या दचकला. बाईंनी ते लिहून घेतलं.

साहेब अजूनही मानायला तयार नव्हते. पुठ्ठा बिठ्ठा काही नाही, हा माणूस मुळातच घाबरट आहे, याची यादी मी वाचलेली आहे, त्यात कबूतर होतं, असं ते सांगू लागले. बाईंनी प्रेसजवळच्यांना चार हात मागे उभं केलं. साहेबांच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट "जरा बघू" म्हणून काढून घेतलं आणि प्रेसमध्ये, हात होता बरोबर तिथे ठेवलं. मशीन चालू करायला लावलं. सुपरफास्टला म्हणाल्या, "आता एक बोट. फक्त उजवं बटण."

सुपरफास्टने हात पँटला पुसले. त्याने बहिणीच्या नवऱ्याकडे पाहिलं. दचक्याने मान हलवली. मग त्याने बोट टेकवलं.

धाड!

हेल्मेटची भाकरी झाली. मधोमध झाकणाची गोल कडा उमटली होती आणि तिच्या आत तो स्टिकर, आता अगदी नीट चिकटलेला.

साहेब जमिनीवर बसले. उजवा हात डोळ्यांसमोर धरून ते एकेक बोट दुमडत होते. चारला पोचले की चुकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. साडेआठकाका झाडू बाजूला ठेवून त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"नका मोजू साहेब," ते म्हणाले. "आहेत. मी मोजली."

एवढ्यात साहेबांना सुपरफास्ट दिसला. "याला आजच्या आज काढतो!" ते बसूनच म्हणाले. "यानेच घातला पुठ्ठा. खुनी आहे हा!"

दचक्या उठून उभा राहिला. झाकणं खाली पडून आवाज झाला, पण या वेळी तो दचकला नाही, कदाचित त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "पुठ्ठा त्याने घातला," तो म्हणाला, "पण फळ्यावर नऊशे तुम्ही लिहिलेत. याला काढलंत तर पुढचा येईल, तोही पुठ्ठा घालेल. मी प्रेसवर आहे, मला माहीत आहे. दोन हातांनी नऊशे होत नाहीत, साहेब. सहाशेच होतात. आणि याला काढलंत, तर..." त्याने खांबाकडे बोट केलं. "तर मी पुन्हा ते लाल बटण दाबेन."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग हळूहळू चालत जाऊन नऊशे पुसलं. हेल्मेट पुरावा म्हणून कापडी पिशवीत टाकलं. मग विचारलं, "आणि या लोकांना कुणी थांबायला सांगणार आहे का?"

आम्ही अजून चालत होतो. थांबा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

पुढे जे झालं त्याला दोनेक महिने लागले. चार नंबरला जाळी आली, बाकीच्यांच्या जुन्या जाळ्या बदलल्या. बटणं बदलली. नव्या बटणांना फटच नव्हती. कोऱ्या नोंदवहीत पहिली नोंद साडेआठकाकांची झाली. अकरा वर्षांपूर्वी ऑफिसच्या एका कागदावर त्यांच्या अपघाताबद्दल "किरकोळ खरचटले, दोन दिवस विश्रांती" असं लिहिलेलं सापडलं. काकांनी तो कागद दोनदा वाचला. "बोट परत येईल असं वाटलं असेल त्यांना," ते म्हणाले, आणि झाडू घेऊन कामाला लागले. त्यांना भरपाई मिळाली, उशिरा का होईना. साहेबांना दंड झाला आणि मालकांची लांबलचक चिठ्ठी आली. ते राहिले मात्र तिथेच. मागून यायचे असले की आता लांबूनच खोकायचे. त्यांचा तो खोकला पुढे इतका वाढला की आम्ही त्यांना औषध सुचवलं.

सुपरफास्ट दोन रविवार बहिणीकडे गेला नाही. तिसऱ्या रविवारी गेला. दारात उभा राहून म्हणाला, "भाऊजी, तुमचा बूट मीच लपवला होता." दचक्याची बायको आतून ओरडली, "ते सगळ्यांना माहीत आहे, हात धुऊन बस."

नवं ड्रिल झालं तेव्हा सगळी मशीन बंद करून झालं. खोकी हलवलेली, कुलूप काढलेलं, बाण पेंटरकडूनच पुन्हा काढून घेतलेले. आम्ही सगळे जण मागच्या दाराने बाहेर पडलो. एक मिनिट चाळीस सेकंद. मागे एवढी मोकळी जागा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. गवत होतं, ऊन होतं, कुणीतरी फार पूर्वी टाकलेलं एक बाकडं होतं. दचक्या हातात यादी घेऊन माणसं मोजायला उभा राहिला. एकदा मोजली. मग पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना त्याच्या कपाळावर घाम आला.

"किती कमी?" साहेबांनी घाबरून विचारलं.

"कमी नाही," दचक्या म्हणाला. "एक जास्त आहे."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. बाकड्यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ, हातात चामड्याची पिशवी, निवांत बसला होता. त्याला कुणीच ओळखत नव्हतं.

"तुम्ही कोण?"

"मी? मी वजनकाटा दुरुस्त करायला आलोय," तो म्हणाला. "सकाळपासून स्टोअरमध्ये बसवून ठेवलंय. घंटा वाजली, सगळे पळाले, मीही पळालो. आग कुठे लागलीय?"

"लागलेली नाही."

"मग मी आत जाऊ?"

"थांबा," दचक्या म्हणाला. त्याने पेन काढलं आणि यादीच्या तळाशी नवी रेघ ओढली. "आधी नाव सांगा. तुम्ही आत राहिला असतात तर आम्हाला कळलंही नसतं."